पुण्यातल्या तपकीर गल्लीजवळचं मिक्सर रिपेरिंगचं दुकान: माझा अनुभव

आमचा सुमीत मिक्सर १९८४ सालचा, आईने लग्नात दिलेला. गेल्या महिन्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण करताना आतून निळ्या ठिणग्या दिसल्या, जळका वास आला आणि तो बंद पडला. घराजवळच्या दुकानदाराने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "मोटर गेली, काकू. नवा घ्या."

मुलगी शिकागोला असते. फोनवर तिने विचारलं, "आई, ते फिक्स होईल ना?" मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे या शब्दापाशी माझा कान अडतोच. आपल्याकडे फिक्स म्हणजे ठरलेलं: लग्न फिक्स, तारीख फिक्स, भाव फिक्स. तिच्या अमेरिकेत मात्र नळ फिक्स होतो, गाडी फिक्स होते, नाश्तासुद्धा फिक्स करतात. मूळ लॅटिनमध्ये अर्थ होता घट्ट बसवणं. दुरुस्तीचा अर्थ त्याला नंतर चिकटला, आणि तो रुजला अमेरिकेत. आपण त्या कामाला रिपेरिंग म्हणतो. मला तेच आवडतं.

तर मंडई मेट्रोला उतरून, मिक्सर पिशवीत घालून, चालत तपकीर गल्लीकडे गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. बसायला काही नाही, मी पाऊण तास उभी होते. गुडघे दुखणाऱ्यांनी बरोबर कुणाला तरी न्यावं.

पण काम बघण्यासारखं. तिथल्या कारागिरांनी मिक्सर उलटा केला, खालचे स्क्रू काढले आणि दोन्ही कार्बन, म्हणजे मोटरला करंट पोचवणाऱ्या कांड्या, माझ्या तळहातावर ठेवले. शेजारी नवा कार्बन ठेवला, बोटाच्या पेराएवढा. माझे झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढे उरले होते. "मोटर चांगली आहे ताई, हिला करंटच पोचत नाही." मग आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाचा, तांब्याचा काळवंडलेला भाग बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासून चकचकीत केला, फटींमधली काजळी टोकदार सळईने काढली. कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या चकतीचे, दातही झिजले होते. त्याचे आटे उलटे असतात, हे मला माहीत नव्हतं. आपण घरी पिळत बसलो तर तो जास्तच घट्ट होतो. नवा कपलर बसवून ते म्हणाले, "आता फिक्स बसलाय." चाळीस वर्षं जुन्या यंत्रावर हा शब्द त्याच्या सगळ्यात जुन्या अर्थाने ऐकला आणि मनापासून बरं वाटलं.

सुमीतची जन्मकथाही अशीच. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्याकडचं वाटण करताना जळाला. इथे तो दुरुस्त होईना, म्हणून त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी दणकट मोटर घेऊन मिक्सरच नवा बनवला. असं यंत्र कार्बनच्या दोन तुकड्यांसाठी भंगारात गेलं असतं, याचा मला अजून राग येतो.

पैसे झाले ३५० रुपये, कार्बन, कपलर आणि मजुरी धरून. जुने भाग कागदात गुंडाळून परत दिले, न मागता. भांड्याच्या तळाचा, पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो बुशही बदलायचा का विचारलं तर म्हणाले, "खालून काळं तेल येतंय का? नाही ना? मग कशाला?" पावती मागावी लागली आणि गॅरंटी तोंडीच आहे, हे खरं. इंडक्शन शेगडी ते हातात घेत नाहीत. सर्किटचं काम येत नाही, असं स्वच्छ सांगतात.

तीन आठवडे झाले, रोजचं वाटण होतंय, वास नाही, ठिणगी नाही. जाणार असाल तर सकाळी अकराच्या सुमारास जा आणि मिक्सरबरोबर भांडंही न्या. पाणी घालून, भांडं लावून, तिन्ही स्पीडवर चालवून दाखवल्याशिवाय ते मिक्सर परत देत नाहीत.