डाव्या आरशाची मेमरी आणि नाना पेठेतील वायरमन

आमची मोटार मी आणि माझी पत्नी असे दोघेही चालवतो. आमच्या उंचीत बराच फरक असल्यामुळे चालकाचे आसन आणि बाहेरचे दोन्ही आरसे एका बटणावर आपापल्या जागी आणणारी मेमरी आम्हाला रोज लागते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती बिघडली. पहिले बटण दाबले की आसन आणि उजवा आरसा बरोबर जागेवर येत. डावा आरसा मात्र थेट बाहेरच्या टोकाला जाऊन अडे आणि आतली मोटर काही सेकंद करकरत राही. दारावरच्या बटणांनी हाच आरसा चारही दिशांना सुरळीत फिरत होता.

अधिकृत सेवा केंद्राने दहा मिनिटांत संपूर्ण आरसा बदलण्याचा सल्ला दिला आणि ५८,००० रुपयांचे अंदाजपत्रक हाती ठेवले. काय बिघडले आहे, हे मात्र तिथे कोणीही सांगू शकले नाही, आणि मला किमतीपेक्षा तेच अधिक खटकले. म्हणून एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून मी पुण्याच्या नाना पेठेतील एका वायरमनकडे गेलो. दुकान जेमतेम एका गाडीपुरते आहे, पण तिथे झालेली तपासणी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

बटणांनी आरसा नीट फिरतो, हे ऐकताच त्यांनी दोन्ही मोटरी शाबूत असल्याचे सांगितले. आरशाच्या काचेमागे दोन छोट्या मोटरी असतात, एक वर-खाली आणि दुसरी आत-बाहेर फिरवणारी. परंतु आपण किती फिरलो हे त्यांना कळत नाही. ते कळवण्यासाठी प्रत्येक मोटरीसोबत एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे पट्टीवर सरकणाऱ्या टोकाने जागा सांगणारा छोटा भाग असतो. त्याला पाच व्होल्ट दिलेले असतात आणि काच हलेल तसा त्यातून परत येणारा व्होल्टेज कमी-जास्त होतो. मेमरीत साठवला जातो तो हाच आकडा. तो चुकीचा येऊ लागला, तर आरसा विरुद्ध टोकाला पोहोचला आहे अशा समजुतीने कंट्रोल युनिट, म्हणजे आरसा हलवणारा गाडीतला छोटा संगणक, मोटर चालवतच राहते.

त्यांनी गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा स्कॅनर जोडून हे आकडे मला पडद्यावर दाखवले. वर-खालीचा आकडा काचेबरोबर संथपणे बदलत होता. आत-बाहेरचा शून्याजवळ चिकटून बसला होता. दोन्ही पोटेन्शिओमीटरांना पाच व्होल्ट आणि अर्थिंग यांच्या वायरी सामाईक असल्यामुळे, त्यांपैकी एखादी तुटली असती तर दोन्ही आकडे बिघडले असते. म्हणजे दोष एकतर त्या एका पोटेन्शिओमीटरच्या झिजलेल्या पट्टीत होता, किंवा त्याच्या एकट्या सिग्नलच्या वायरीत. वायर दाराच्या सांध्यात तुटली आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी दार अनेकदा उघडून-मिटून पाहिले. आकडा हलला नाही. शेवटी आरसा हाताने सावकाश दुमडायला घेतला, आणि निम्म्यावर येताच आकडा एकदम २.४ व्होल्टवर उडाला व पुन्हा पडला. तो क्षण पाहून मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे, कारण तीन आठवडे छळणाऱ्या दोषाची जागा डोळ्यांसमोर निश्चित झाली होती.

आरसा ज्या पोकळ खुंटीभोवती दुमडतो, तिच्यातूनच सगळ्या वायरी जातात आणि गाडी लॉक करताना आरसा दुमडला की दर वेळी पिळल्या जातात. प्लॅस्टिकच्या पट्टीने काच अलगद सोडवून, काच तापवणाऱ्या जाळीच्या दोन पिना काढून त्यांनी ती वायर बाहेर घेतली. वरचे आवरण अखंड होते, आतले तांबे तुटलेले होते. तुटल्या जागीच सोल्डरचा डाग देऊन ते मोकळे झाले असते, तर सांध्याजवळ कडक झालेली वायर पुन्हा तिथेच तुटली असती. म्हणून त्यांनी बारीक तारांची मऊ वायर खुंटीतून आरपार नेली आणि दोन्ही सांधे पिळाबाहेर ठेवून त्यांवर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवली. त्यानंतर आरसा चारही टोकांपर्यंत नेऊन दोघांच्याही जागा नव्याने साठवल्या आणि वीस वेळा दुमडून-उघडून प्रत्येक वेळी मेमरी तपासली. या कामाला तीन तास लागले आणि ३,२०० रुपये घेतले.

दोन उणिवा नोंदवणे आवश्यक आहे. द्रुतगती मार्गावर काच किंचित थरथरत असल्याचे दुसऱ्याच दिवशी लक्षात आले. एक चाप नीट बसला नव्हता. परत गेल्यावर त्यांनी तो विनामूल्य बसवून दिला, पण माझी एक खेप वाढली. दुसरे म्हणजे, सहा महिन्यांची हमी त्यांनी केवळ तोंडी दिली आणि बिलावर कामाचा तपशील लिहिला नाही. इतक्या नेमक्या कामाची लेखी नोंद ग्राहकाला मिळायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्यांनाही सांगितले.

आता पाच महिने झाले. रिव्हर्स गियर टाकल्यावर डावा आरसा फुटपाथकडे झुकतो आणि गियर काढताच पूर्वीच्या जागी परततो. असाच दोष घेऊन कोणी तिथे जाणार असेल, तर आधी बॅटरीची वायर काढून पाहण्याचा प्रयोग करू नये. त्यामुळे काही गाड्यांत साठवलेल्या जागा पुसल्या जातात आणि मूळ दोष कोणता होता, हे ओळखणे अधिक अवघड होते.