अंतराळात स्वतः जावे की इतरांना जाताना पाहावे? गेम आणि मालिका यांचा तुलनात्मक आढावा

हिंजवडी किंवा खराडीहून घरी परतून जेवण आटोपेपर्यंत पुणेकर नोकरदाराच्या हाती रात्रीचा तास-दीड तास उरतो. हा वेळ अंतराळाच्या ओढीने घालवायचा ठरवले, तर पुढे दोन मार्ग दिसतात: अंतराळ-संशोधनाचा एखादा व्हिडिओ गेम, किंवा एखादी विज्ञानकथात्मक मालिका. ‘दोन्ही करा’ हे उत्तर ऐकायला बरे असले तरी उपयोगाचे नाही, कारण चांगल्या मालिकेला चाळीस-पन्नास तास सहज लागतात आणि चांगला गेम त्याहूनही अधिक वेळ खातो. म्हणून पुढच्या काही महिन्यांसाठी यांतले एकच निवडायचे आहे असे धरून हा आढावा घेतला आहे.

दोन्हींची तुलना करताना लोक बहुधा चित्रणाचा दर्जा, खर्च किंवा कथेची खोली यांबद्दल बोलतात. माझ्या मते खरा फरक अंतराच्या हाताळणीत आहे. अंतराळ म्हणजे मुख्यतः अंतर. तारे, ग्रह आणि याने ही त्या अफाट रिकामपणातली अपवादाची स्थळे. गेममध्ये हे अंतर खेळणाऱ्याला स्वतः कापावे लागते, मालिकेत ते संकलकाची कात्री कापते.

२०१४ च्या डिसेंबरात आलेला ‘एलिट डेंजरस’ हा गेम याचे टोकाचे उदाहरण आहे. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने त्यात आपली आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली असून तिच्यात सुमारे ४०० अब्ज ताराप्रणाली आहेत. खगोलशास्त्राला ठाऊक असलेले अनेक तारे आपापल्या जागी आणि उरलेले गणिती नियमांनी निर्माण केलेले. आकाशगंगेच्या मध्याशी असलेले सॅजिटेरियस ए* हे कृष्णविवर पाहायला जायचे, तर सुमारे २६,००० प्रकाशवर्षांचा प्रवास एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर अशा शेकडो उड्यांनी करावा लागतो. त्याहून बोलके उदाहरण जवळचेच, आल्फा सेंटॉरी या ताराप्रणालीचे आहे. तिथे हटन ऑर्बिटल नावाचे एक अवकाशस्थानक आहे. आपण ज्या ताऱ्यापाशी पोचतो त्यापासून ते ०.२२ प्रकाशवर्ष लांब आहे आणि साध्या इंजिनाने प्रकाशाच्या हजाराहून अधिक पट वेग गाठूनही तिथे पोचायला खऱ्या घड्याळाचा तासाहून अधिक वेळ जातो. त्या तासात करण्यासारखे काहीही नसते. यानाचे नाक सरळ ठेवायचे, उरलेल्या अंतराचा आकडा पाहायचा आणि शेवटच्या टप्प्यात वेग वेळेवर कमी करायचा, नाहीतर स्थानक मागे पडते आणि वळून यावे लागते. नवख्या खेळाडूंना थापा मारून तिकडे पाठवणे हा या गेमच्या जुन्या मंडळींचा आवडता विनोद आहे. ही कथा वाचून ज्याला ‘हा तास फुकट गेला’ असे वाटेल त्याने गेमच्या वाटेला जाऊ नये. ज्याला तो तास हवाहवासा वाटेल त्याच्यासाठी निवड जवळजवळ झालीच.

मालिकेला असा तास परवडत नाही. ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हा दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवण्याइतके पैसे निर्मात्यांकडे नव्हते, म्हणून माणसे क्षणात इकडून तिकडे पाठवणारे ‘ट्रान्सपोर्टर’ हे यंत्र कथेत आले. काटकसरीतून जन्मलेली ही युक्ती पुढे त्या मालिकेची ओळख बनली. अंतर असे गाळून टाकल्यावर जी जागा मोकळी होते तिच्यात मालिका माणसे बसवते, आणि इथे गेम तिच्या जवळपासही पोचत नाहीत. ‘स्टार ट्रेक’चाच पुढचा अवतार असलेल्या ‘नेक्स्ट जनरेशन’ या १९८७ ते १९९४ पर्यंत चाललेल्या मालिकेचा ‘द इनर लाइट’ हा १९९२ सालचा भाग पाहावा. कप्तान पिकार्ड काही मिनिटे बेशुद्ध पडतो आणि तेवढ्यात एका नष्ट झालेल्या ग्रहावरच्या माणसाचे अख्खे आयुष्य जगून परततो: संसार, मुलेबाळे, म्हातारपण, सगळे. शुद्धीवर आल्यावर त्या आयुष्यातली एक बासरी त्याच्या हाती येते. या भागात अंतराळाचे दर्शन असे फारसे नाहीच, तरी अंतराळात हरवून जाणे म्हणजे काय हे त्यातून कळते. गेममध्ये हे घडवणे कठीण आहे, कारण कर्ता आपण स्वतः असतो आणि स्वतःच्या म्हातारपणाकडे कंट्रोलर हातात घेऊन पाहता येत नाही.

आता विज्ञानाच्या बाजूने पाहू, कारण ‘काहीतरी शिकायलाही मिळावे’ ही पुण्यातल्या वाचकाची अट असतेच. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा शाळेच्या वयात वाचलेली पिढी करमणुकीकडूनही एवढी अपेक्षा ठेवते. या निकषावर ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा स्वतः रॉकेट बांधून उडवण्याचा गेम सर्वांच्या पुढे आहे. मेक्सिकोतील स्क्वाड या कंपनीने बनवलेली त्याची पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यातला कर्बिन हा ग्रह ६०० किलोमीटर त्रिज्येचा, म्हणजे पृथ्वीच्या साधारण एक-दशांश आहे आणि त्याचे वातावरण ७० किलोमीटरवर संपते. प्रत्येक नवखा खेळाडू पहिले रॉकेट सरळ वर सोडतो, ते ७० किलोमीटर ओलांडते, तो खूश होतो आणि मग रॉकेट खाली कोसळते. कक्षेत जाण्यासाठी उंचीपेक्षा आडव्या वेगाची गरज अधिक असते, हे त्याला इथे समजते. निघाल्यावर थोड्याच वेळात रॉकेट हळूहळू पूर्वेकडे कलवत न्यावे लागते, माथ्याशी पोचल्यावर इंजिन पुन्हा पेटवावे लागते आणि सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर वेग गाठला की कक्षेची रेषा ग्रहाभोवती पूर्ण जुळते. पृथ्वीसाठी हाच वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर आहे.

त्यापुढचा धडा अधिक चमत्कारिक आहे. एकाच कक्षेत आपल्यापुढे असलेल्या यानाला गाठायचे असेल, तर इंजिन उलट दिशेने पेटवून आधी वेग कमी करावा लागतो. वेग कमी झाला की आपण खालच्या कक्षेत उतरतो, खालची कक्षा लवकर पूर्ण होते आणि आपण पुढच्या यानाच्या जवळ सरकतो. पुस्तकात वाचून हे पटत नाही, दोन-चार मोहिमा फसल्यावर बोटांना पटते. हा गेम खेळलेल्या माणसाला चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ पासून २३ ऑगस्टपर्यंत इतके दिवस का लागले, असा प्रश्न पडत नाही. पृथ्वीभोवतीची कक्षा प्रत्येक फेरीत थोडी थोडी ताणत नेऊन मर्यादित क्षमतेच्या रॉकेटने चंद्र गाठण्याची ती पद्धत त्याने स्वतः वापरलेली असते. (२०२३ मध्ये अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आलेला या गेमचा दुसरा भाग मात्र घेऊ नये, पहिलाच पुरेसा आहे.)

मालिकांमध्ये या तोडीला येते ती ‘द एक्स्पान्स’: २०१५ ते २०२२, सहा सीझन, ६२ भाग. तिच्यातल्या यानांचे मजले इमारतीसारखे एकावर एक रचलेले असून इंजिन तळाशी असते, त्यामुळे इंजिन चालू असताना त्याच्या रेट्याने माणसांना वजन मिळते आणि बंद होताच सगळे तरंगू लागतात. निम्मा प्रवास झाला की यान उलटे फिरते आणि उरलेला निम्मा प्रवास वेग कमी करत होतो. निरोप प्रकाशाच्याच वेगाने जातात, त्यामुळे दूरच्या माणसांना संभाषणाऐवजी ध्वनिचित्रित पत्रे पाठवावी लागतात. विज्ञानाकडून या मालिकेने घेतलेली मोठी सवलत एकच, तिच्या इंजिनाला इंधन जवळजवळ लागतच नाही. कर्बल खेळलेल्याच्या ती चटकन लक्षात येते, न खेळलेल्याचे तिच्यामुळे काही बिघडत नाही. मात्र या भौतिकीतून मालिका जे राजकारण उभे करते ते गेममध्ये नाही. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या लघुग्रहपट्ट्यातल्या कामगारांना पृथ्वीवर उभेही राहता येत नाही, त्यांना हवा आणि पाणी विकत घ्यावे लागते, आणि दोन्हींची किंमत ठरवणारे लोक दुसऱ्याच ग्रहांवर राहतात. कर्बलमधले हिरवे छोटे अंतराळवीर गोड आहेत, पण त्यांना संप करता येत नाही.

बाकीच्या गेमांविषयी थोडक्यात. २०१६ चा ‘नो मॅन्स स्काय’ १८ या आकड्यापुढे १८ शून्ये मांडल्यावर होणाऱ्या संख्येहून अधिक ग्रह देतो. सुरुवातीला त्याच्यावर पोकळपणाची रास्त टीका झाली, नंतर अनेक वर्षे मोफत सुधारणा मिळून तो बराच भरला. पण ग्रह अगणित असले तरी नवल मोजके, ही त्याची मर्यादा मला आजही जाणवते. थकलेल्या संध्याकाळी निवांत भटकायला तो उत्तम आहे. २०२३ चा ‘स्टारफील्ड’ अंतराळापेक्षा संवाद आणि मोहिमांचा गेम आहे, आणि ज्याला मालिकेसारखी कथा हवी त्याने मालिकाच पाहिलेली बरी. २०१९ चा ‘आउटर वाइल्ड्स’ या सर्वांहून वेगळा. त्यात शस्त्रे नाहीत, पैसा नाही, यानाची सुधारणा नाही. एक छोटी सूर्यमाला आहे आणि २२ मिनिटांनी काळ पुन्हा मागे जातो. पुढे जाण्याचे साधन म्हणजे आपल्याला जे कळले तेवढेच. त्याविषयी अधिक सांगणे म्हणजे तो खराब करणे होय, आणि एकदा उलगडल्यावर तो पहिल्यासारखा पुन्हा खेळताही येत नाही.

आता घरातल्या व्यवहाराचे मुद्दे. मालिकेला टीव्ही आणि ओटीटीची वर्गणी पुरते. गेमचे तसे नाही. ‘कर्बल’ आणि ‘आउटर वाइल्ड्स’ मध्यम ताकदीच्या संगणकावर चालतात, तर ‘स्टारफील्ड’ एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, १२५ जीबी जागा आणि चांगले ग्राफिक्स कार्ड मागतो. ऑफिसचा लॅपटॉप या कामी वापरण्याचा मोह टाळावा, तो बहुधा झेपतही नाही आणि कंपनीला चालतही नाही. खर्च मात्र दिसतो तितका एकतर्फी नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात गेम रुपयांत मिळतात, उन्हाळी आणि हिवाळी सवलतीत त्यांच्या किमती बऱ्याच उतरतात आणि एकदा घेतलेला गेम वर्षानुवर्षे पुरतो. उलट मालिकांचे हक्क एका ओटीटीवरून दुसऱ्यावर जात राहतात आणि तीन मालिकांसाठी तीन वर्गण्या भरण्याची वेळ येते. इंटरनेटविषयी सांगायचे तर ‘एलिट डेंजरस’ जोडणीशिवाय चालतच नाही, ‘कर्बल’ला तिची गरज नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे ज्यांच्या भागात नित्याचे आहे, त्यांनी डेस्कटॉपला यूपीएस लावल्यावाचून लांबच्या मोहिमेवर निघू नये.

सोबतीचा प्रश्न पैशाहून महत्त्वाचा आहे. गेम ही एकट्याची करमणूक. दिवाणखान्यातला टीव्ही कन्सोलला जोडून एकाने आकाशगंगा फिरावी आणि इतरांनी पाहत बसावे, हे दोन दिवसांपलीकडे कोणत्याही घरात चालत नाही. मालिका एकत्र पाहता येते. ‘फॉर ऑल मॅनकाइंड’मध्ये चंद्रावर पहिले पाऊल सोव्हिएत अंतराळवीराचे पडते आणि तिथून इतिहास वेगळ्या वाटेने जातो, ज्या ज्येष्ठांना १९६९ ची चांद्रमोहीम आठवते त्यांना ती विशेष रंगते. मात्र ही मालिका आणि ‘द एक्स्पान्स’ या दोन्हींत शिवराळ भाषा आणि प्रौढांसाठीची दृश्ये आहेत, तेव्हा शाळकरी मुले सोबत असतील तर ‘नेक्स्ट जनरेशन’ निर्धास्तपणे लावावी. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी एकच खरेदी करायची असेल तर मी डोळे मिटून ‘कर्बल’ सुचवेन, फक्त पहिले काही दिवस पालकाने शेजारी बसावे. गेमची आणि मालिकांचीही भाषा मुख्यतः इंग्रजी आहे आणि मराठीतून जवळजवळ काहीच नाही. मालिकेत सबटायटल्स थांबवून वाचता येतात, गेममध्ये सूचना न कळल्यास मूल अडूनच बसते.

वेळेच्या हिशेबाने निवड सोपी होते. ज्याला आठवड्यात रोजचा पाऊण तासच मिळतो त्याने मालिका घ्यावी, कारण तिचा भाग तेवढ्यात संपतो आणि कालचा धागा आठवायला कष्ट पडत नाहीत. गेमला सलग दोन-तीन तासांची बैठक लागते, आणि पंधरा दिवसांच्या खंडानंतर कोणती कळ कशासाठी होती इथपासून सुरुवात करावी लागते. ज्यांना चारचाकीत मागे बसून घाटात मळमळते, त्यांनी गेम विकत घेण्यापूर्वी मित्राकडे अर्धा तास खेळून पाहावा. डोळ्यांपुढे सतत फिरणारे दृश्य सर्वांनाच सोसत नाही. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांहून कमी खेळ झाला असेल तर पैसे परत मागता येतात, या सोयीचाही उपयोग करावा.

माझे मत विचाराल तर शनिवार-रविवार मोकळा असलेल्या आणि चुका करण्यात रमणाऱ्या माणसाने ‘कर्बल’पासून आरंभ करावा, तो जमला नाही तर ‘आउटर वाइल्ड्स’ घ्यावा आणि ‘एलिट डेंजरस’कडे सर्वांत शेवटी वळावे. इतर सर्वांनी ‘द एक्स्पान्स’ लावावी. तिचे पहिले तीन भाग गोंधळात टाकणारे आहेत. एका पोलीस तपासाची, एका बर्फवाहू यानाची आणि पृथ्वीवरच्या राजकारणाची अशा तीन कथा एकमेकींशी काहीही संबंध नसल्यासारख्या चालतात, आणि बरेच लोक तिथेच मालिका सोडतात. चौथ्या भागाचा मोठा हिस्सा एका युद्धनौकेवर घडतो. तो पाहूनही मन बसले नाही, तर मालिका बंद करून गेमकडे वळायला हरकत नाही.