जपानी सुरीला नवी मूठ: तापवून बसवायची की दांडी घालून?

पारंपरिक मुठीच्या जपानी सुरीत पात्यामागे एक निमुळती शेपटी असते, तिला नाकागो म्हणतात. ती मुठीत ठोकून बसवलेली असते, रिव्हेट नसतात, त्यामुळे मूठ बदलता येते. नवी करताना आधी नाकागो कसा बसवायचा ते ठरवा. लाकूड त्यावरून ठरतं.

तापवून बसवण्याची जुनी रीत होनोकीसारख्या हलक्या, मऊ लाकडासाठी आहे. हत्यारं कमी लागतात, पण चूक सावरायला जागाही कमी. नाकागो ३ मिमी जाड असेल तर ठोकळ्याच्या मध्यातून ३ मिमीचंच भोक पाडायचं. पात्याला टाचेपर्यंत (म्हणजे मुठीकडच्या टोकापर्यंत) ओलं फडकं गुंडाळायचं आणि नाकागोचा फक्त टोकाकडचा भाग मंद लाल होईतो तापवायचा. दोन-तीन सेकंद आत दाबून बाहेर काढा, कोळसा झटका, पुन्हा तापवा. तीन-चार फेऱ्यांत खाच नाकागोच्याच आकाराची होते. शेवटचे ५ ते ८ मिमी शिल्लक असताना थांबा. सगळं थंड झाल्यावर सुरी पातं खाली करून हवेत धरा आणि मुठीच्या बुडावर लाकडी हातोडीने ठोका. जडत्वामुळे पातं जागेवर राहतं आणि मूठ नाकागोवर खाली सरकते.

इथे दोन गोष्टी बिघडतात. जास्त जाळलं तर खाचेत कोळशाचा थर राहतो, तो भुगा होतो आणि मूठ डुगडुगते. दुसरी चूक भरून न येणारी: फडकं सुकलं आणि उष्णता पात्यात चढली तर टाचेजवळ आधी पिवळसर, मग निळा रंग येतो. निळ्या झालेल्या पोलादाचं पाणी उतरलेलं असतं, तिथली धार पुन्हा टिकत नाही. आबनुसासारखं कठीण लाकूड या पद्धतीत सहसा उभं तडकतं.

दांडीच्या पद्धतीत मुठीचे तुकडे एका लाकडी दांडीवर जोडतात आणि नाकागो त्या दांडीत बसतो. इथे आग नाही, पण मोजमाप फार. १३५ मिमीची मूठ अशी जुळते: मागचा भाग १०५, मधली चकती ३, पात्याकडची शिंगाची शेंबी (टोपण) २७. मागच्या भागात १२ मिमीचं भोक ८० मिमी खोल. शेंबीत तेच भोक मागून २२ मिमी, पुढचे ५ मिमी अखंड, त्यात फक्त नाकागोपुरती खाच. ही खाच ३ मिमीची भोकं ओळीने पाडून सुई-कानशीने जोडायची. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण डोळ्यांना दिसतो तो हाच सांधा. १२ मिमीची दांडी उभी चिरून दोन्ही अर्ध्या भागांत नाकागोची जागा कोरा आणि पुन्हा चिकटवा. दांडीच्या अंगावर एक बारीक चरही काढा, नाहीतर आत कोंडलेली हवा इपॉक्सी भरल्यावर दांडीला बाहेर ढकलते. आबनूस तेलकट असतं, चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसा. २४ तास क्लॅम्प.

तुकडे इपॉक्सीने जोडा, पण नाकागो मधमाश्यांच्या मेणात बसवा असं आम्ही सांगू. पुढे कधी मूठ काढायची वेळ आली तर मेणातला नाकागो सहज सुटतो. हे मेण ६२-६४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून अशी सुरी कढत पाण्यात धुवायची नाही.

वजनाचा फरक हातात चटकन कळतो. मुठीचं आकारमान साधारण ५० घनसेंटिमीटर धरा. होनोकीची घनता ०.५ च्या आसपास, म्हणजे २५ ग्रॅम. आबनूस पाण्यात बुडतं, म्हणजे ५० च्या वर. तेवढ्याने तोल टाचेकडे येतो. लांब पात्याला हे बरं वाटेल, पण पातळ, हलक्या पात्याची सुरी मागे जड होते.

पहिलीच मूठ असेल आणि सुरी एकच चांगली असेल, तर अक्रोडाचं लाकूड आणि दांडी घ्या. लाकूड वाया गेलं तर दुसरं मिळतं. आग हाताळायची सवय असेल, कार्बन पोलादाची सुरी रोज वापरात असेल आणि मूठ झिजली की बदलायची तयारी असेल, तर होनोकी तापवूनच बसवा.

आकार दोन्हींत सारखाच: पुढे २२×१८, मागे २५×२० मिमी, कोपरे रंध्याने उतरवून अष्टकोन. पॉलिश पेपर १२०, २४०, ४००. मग ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर उठलेले तंतू ४०० नेच काढा आणि तेल द्या. शेवटी नाकागोच्या तोंडाशी राहिलेल्या फटीत वितळलेलं मेण सोडा. पाणी तिथूनच शिरतं आणि नाकागो आतून गंजतो.