२४१ किलोंवरून १५९ किलोंवर: अकरा महिने, ८,६०० किलोमीटर

आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. माझी जागा कोपऱ्यात. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची मोटार, समोर भिंत. पावसाचं पाणी कडेच्या गटारात जावं म्हणून फरशी भिंतीकडे किंचित उतरती. किंचित म्हणजे पाण्याला कळेल इतपतच, पण माझ्या २४१ किलोंच्या मोटरसायकलला तेवढं पुरतं. दोन वर्षं दर रविवारी पहाटे मी हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज अशा थाटात तिथे जायचे, हँडल धरून गाडी मागे ओढायचे आणि गाडी ढिम्म. मग वॉचमनकाकांना हाक. ते हातातला चहा ठेवून यायचे, मागून ग्रॅबरेल (सीटमागचा दांडा) धरायचे आणि "हां ताई, ओढा" म्हणायचे. मी एकटी फिरते असं लोकांना कौतुकाने सांगायचे खरं, पण सुरुवात दोघांनीच व्हायची.

गाडी होती रॉयल एन्फिल्डची सुपर मिटिऑर ६५०. २०२३ मध्ये घेतली. आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको: गाडी उत्तम होती. ६४८ सीसीचं जोड सिलिंडरचं इंजिन, ४७ पीएस ताकद. सहाव्या गिअरला टाकून सोडली की पुण्याहून कोल्हापूर कधी आलं ते कळत नसे. तिचा तो खालच्या पट्टीतला आवाज अजून कानात आहे. सिग्नलला शेजारचा काच खाली करून "कितीला पडली?" विचारायचा आणि मागोमाग "ॲव्हरेज काय देते?" पहिल्या प्रश्नाने छाती फुगायची, दुसऱ्याचं उत्तर मी इंजिनाच्या आवाजात बुडवायचे.

विकली ती माझ्यामुळे. मी एकावन्न वर्षांची, उंची पाच फूट तीन इंच, उजव्या गुडघ्याची एक कुरबुर कायमची. दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळला फेरीबोटीत चढत होते. वासिष्ठीची खाडी, भरती नुकतीच उतरलेली, बोटीची लोखंडी फळी ओली. पुढची मोटार अचानक थांबली, मीही थांबले, डावा पाय टेकवला आणि तो सरकला. एवढी जड गाडी धाडकन पडत नाही. ती म्हशीसारखी सावकाश बसते आणि आपण हँडल धरून तिच्याबरोबर खाली जातो. आडव्या गाडीकडे पाठ करून, कंबर सीटला टेकवून, मागे मागे छोटी पावलं टाकत ती उचलायची युक्ती मला येत होती. पण ओल्या लोखंडावर पावलंच रोवली जाईनात. बोटीवरच्या तिघांनी ती उचलली. गाडीला लेग गार्डवर एक ओरखडा, मला तोही नाही. पण पलीकडच्या धोपाव्याच्या धक्क्यापर्यंत मी एकच हिशेब करत होते: हे तिघं नसते तर?

मग एक जुनी गोष्ट नीट दिसायला लागली. दोन वर्षांत मी फिरले बक्कळ, पण कुठे? रुंद रस्त्यांवर. नकाशात बारीक फाटा दिसला की मनात पहिला प्रश्न यायचा, 'पुढे वळायला जागा असेल ना?' पानशेतच्या मागे घोळ गावाच्या दिशेने गेले असताना एका ठिकाणी पावसाने रस्ता अर्धा नेलेला होता. पुढे जायची हिंमत नव्हती आणि उतारावर गाडी वळवायची ताकद नव्हती. गुरं घेऊन चाललेल्या एका आजोबांनी आणि त्यांच्या नातवाने मागून धरली तेव्हा वळली. त्या दिवसानंतर मी फाटे सोडूनच दिले होते आणि हे मला दाभोळपर्यंत कळलंच नव्हतं.

त्यामुळे नवी गाडी बघताना सीसी, डिस्प्ले, रंग हे सगळं बाजूला ठेवलं. घेतली हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही, सेकंडहँड, चार हजार किलोमीटर चाललेली. अकरा महिन्यांत मी तिच्यावर ८,६०० किलोमीटर फिरले. कागदावर वजन १५९ किलो. फरक ८२ किलोंचा. आमच्या घरी याचं माप सोपं आहे, कारण नवऱ्याचं वजन बरोबर ८२ भरतं. म्हणजे जुन्या गाडीवर मी एकटी निघाले तरी तो मागे बसलेलाच असायचा, फक्त बोलत नसायचा.

आता मुख्य गंमत. वजन कमी झालं म्हणजे सगळं सोपं झालं असं मुळीच नाही. सुपर मिटिऑरची सीट जमिनीपासून ७४० मिलिमीटर, दोन्ही तळवे सपाट टेकायचे. एक्सपल्सची ८२५. साडेआठ सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण माझ्या उंचीला त्याचा अर्थ दोन्ही पायांचे फक्त चवडे. पहिल्या दोन महिन्यांत मी ही गाडी दोनदा पाडली. दोन्ही वेळा थांबताना आणि दोन्ही वेळा रस्त्याच्या उतरत्या बाजूला पाय टाकून. जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटं खाली निघाली की खेळ खलास. आता थांबायच्या आधी डोळे आपोआप जागा शोधतात: उंचवटा कुठे, खडी कुठे, कुठला पाय टाकायचा. सीटवरून अर्धं सरकून एकच पाय पूर्ण टेकवायचा, दुसरा फूटपेगवरच (पाय ठेवायच्या दांडीवर) ठेवायचा, हे अंगवळणी पडायला दीड महिना गेला. कमी उंचीच्या बायकांना (आणि पुरुषांना, ते कबूल करत नाहीत एवढंच) माझं सांगणं, शोरूममध्ये नुसतं बसून पाय टेकतात का ते बघू नका. गाडी बंद करा, खाली उतरा, ढकलून उलटी फिरवा. जे काय कळायचं ते तिथे कळतं.

दोनदा पडली, दोन्ही वेळा मी एकटीने उचलली. दुसरी वेळ वेल्ह्याच्या पुढे, केळदकडे मढे घाटाच्या रस्त्याला, लाल चिखलात. गाडी डावीकडे आडवी. इंजिन बंद केलं, गिअर टाकला, पाठ लावली, एक हात हँडलला, एक मागच्या रेलला, चार पावलं मागे. उभी. डावीकडे पडली होती म्हणून पलीकडे कलंडणार नाही याचं भान ठेवावं लागलं. उजवीकडे पडली तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, मग ती सरळ त्यावर येऊन टेकते. मला दम लागला होता, बूट चिखलाने भरले होते आणि मी चक्क हसत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं हे बरं.

हायवेचं काय? इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. १९ पीएसच्या गाडीकडून ४७चं काम होत नाही. ८० ते ८५ वर ती खूश असते. त्यावर नेता येते, पण इंजिन सतत सांगत राहतं की मी मेहनत करतेय. कराड-कोल्हापूर पट्ट्यात ट्रकला ओव्हरटेक करायचा तर आधी गिअर उतरवायचा, समोरचं अंतर दोनदा बघायचं, मग निघायचं. जुन्या गाडीवर मनगट हललं की काम झालेलं असायचं. कोल्हापूरला पोचायला आता मला पाऊण तास जास्त लागतो. त्यातली वीस मिनिटं चहाची आहेत, कारण दर तासाला पाय मोकळे करावेसे वाटतात. एक मात्र गंमतच. चौपदरी महामार्गावर दुचाकीला कायद्याने मर्यादा ८० चीच आहे, एक्स्प्रेस-वेवर तर आपल्याला प्रवेशच नाही. म्हणजे ते वरचे २८ पीएस मी दोन वर्षं नेमके कशासाठी पोसले? (उत्तर माहीत आहे. सिग्नलला काच खाली व्हायची म्हणून.)

घाटात मात्र पारडं फिरतं. आंबेनळी असो की ताम्हिणी, जिथे एकामागून एक वळणं आहेत तिथे हलकी गाडी नजर जाईल तिकडे जाते. जुनीला वळणात घालण्याआधी मनात तयारी करावी लागे आणि वळणाच्या मध्यात खड्डा दिसला तर तो खड्डा माझाच. आता शेवटच्या क्षणीही चुकवता येतो. नाही चुकला तर पुढच्या सस्पेन्शनला १९० मिलिमीटरची खेळती जागा आहे आणि पुढचं चाक २१ इंची. गावांमधले घरगुती स्पीडब्रेकर, ज्यांच्यावर सुपर मिटिऑरचं पोट घासेल की काय या धास्तीने मी तिरकी चढायचे, ते आता लक्षातही येत नाहीत. जमिनीपासूनची उंची १३५ वरून २२० झाली, त्याचा हा परिणाम.

पंक्चर हा सगळ्यात मोठा तोटा. स्पोकची चाकं, आत ट्यूब. जुन्या गाडीला ट्यूबलेस टायर होते. खिळा काढा, भोकात रबरी वात भरा, हवा मारा, पंधरा मिनिटांत मार्गी. अणुस्कुरा घाट उतरून पाचलच्या अलीकडे मागच्या चाकात खिळा घुसला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपण काय सोडून आलोय. चाक काढायचं, टायर उचकटायचा, ट्यूब बदलायची. मी जादा ट्यूब आणि पाने जवळ ठेवते, पण चाक काढून परत बसवताना चेन, ब्रेक कॅलिपर आणि एक्सल यांचा मेळ बसवायला मला तीन हात हवे होते. अर्धं काम झाल्यावर रस्त्याने जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याने तिसरा हात दिला. सव्वा तास गेला. तेव्हापासून घरी दोनदा सराव केलाय, आता पन्नास मिनिटं. ज्यांना हे करायचं नाही त्यांनी ही गाडी घेण्याआधी नीट विचार करावा.

त्या भरपाईला एक छोटं सुख आहे. दर ५०० किलोमीटरला चेनला तेल द्यायचं तर जड गाडीला मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड लागायचा आणि तो लावतानाच गाडी हातातून जाईल अशी भीती. हिला साइड स्टँडवर टेकवून आपल्याकडे ओढली की मागचं चाक उचललं जातं. तळघरात, एका हाताने.

सामानाने माझं डोकं ठिकाणावर आणलं. आधी दोन कडक पेट्या, वर टॉप बॉक्स. जागा आहे म्हणून भरत जायचं. एकदा वजन केलं तर पेट्यांसकट ३४ किलो निघालं, त्यात इस्त्रीसुद्धा होती! आता दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी बॅगा, मिळून ११ किलो. नव्या गाडीलाही पेट्या बसवायला म्हणून गेले होते एका दुकानात, त्यांनी सांगितलेली फ्रेम इंडिकेटरला घासत होती. दोनदा हेलपाटे घातले, मग नाद सोडला. बरंच झालं.

मागे बसणाऱ्याचा अभिप्राय वेगळा नोंदवते, कारण तो रोज ऐकते. नवऱ्याला जुन्या गाडीवर पाठीला टेकू होता, ऐसपैस सीट होती, त्यात तो ताम्हिणीत एकदा झोपलासुद्धा होता. उभं राहून चालवता यावी म्हणून बेतलेल्या गाडीची सीट अरुंदच असणार, हे मी त्याला समजावून सांगितलं. "मग तू उभी राहा, मी बसतो," हे त्याचं उत्तर. दोघं बसून सामान घेतलं की चढावर दुसऱ्या गिअरवर यावं लागतं हेही खरं. तुमचं फिरणं जोडीने होत असेल तर माझ्या वाटेने जाऊ नका. मधल्या वजनाच्या गाड्या आहेत, त्या बघा.

पैशाचं थोडक्यात. जुनी लिटरला सरासरी २४ द्यायची, ही ३८ देते. ८,६०० किलोमीटरला साधारण १३० लिटर वाचले, म्हणजे पुण्याच्या भावाने साडेतेरा हजारांच्या आसपास. टाकी १५.७ लिटरवरून १३ वर आली तरी एका टाकीत जास्त लांब जाते. विम्यातला थर्ड पार्टीचा सक्तीचा हप्ता ३५० सीसीवरच्या गाडीला वर्षाला २,८०४ रुपये आहे, १५० ते ३५० मधल्या गाडीला १,३६६. विकताना नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) सोडू नका, तो गाडीचा नसून मालकाचा असतो, नव्या विम्यावर लावून घेता येतो. माझी एक चूक झाली ती घाईची. गाडी विकल्यावर काही महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींचा जीएसटी ४० टक्के झाला. नव्या महागल्यावर जुन्यांना भाव येणारच. थांबले असते तर चार पैसे जास्त मिळाले असते, पण मग ते केळद, घोळ वगैरे अजून नकाशावरच राहिलं असतं.

हो, घोळला परत गेले. दिवाळीनंतर. तो खचलेला तुकडा दगड टाकून भरलाय. त्याच्या पुढे एका वळणावर चुकून कुणाच्या तरी खळ्यातच शिरले. कुत्रं भुंकायला लागलं, आतून एक आजी बाहेर आल्या. खाली उतरले, हँडल धरलं, गाडी जागच्या जागी फिरवली. "चहा घेऊन जा की," आजी म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात परत दापोली आहे. नवरा एसटीने येणार आहे, त्याने स्वतःच रिझर्व्हेशन केलंय. स्टँडवरून हॉटेलपर्यंत मात्र त्याला मागे बसावं लागेल. तेवढ्यासाठी तो उशी घेणार आहे म्हणतो.