महेश्वरचा माग की बाघचा ठप्पा? इंदुरात व्यवसाय मांडू पाहणाऱ्या मैत्रिणींसाठी

इंदुरातल्या मराठी घरांत हल्ली एक बेत वरचेवर कानावर येतो. मुलं हाताबाहेर गेली (म्हणजे शिकायला पुण्या-बंगळुरात), थोडी पुंजी आहे, चौघी मैत्रिणी आहेत. तर हातमागाचं नाहीतर छापाच्या कापडाचं काहीतरी सुरू करू या. कारागिराला रास्त दाम मिळावा, बायकांच्या हाताला काम मिळावं, आणि कापड मातीला-पाण्याला जड जाऊ नये. बेत चांगलाच आहे. अडतं ते पहिली रक्कम कुठे टाकायची यावर. हातमागाच्या साड्यांचं महेश्वर मानपूरचा घाट उतरून नव्वदेक किलोमीटर, ठप्प्याने छापलेल्या कापडाचं बाघ धारवरून साधारण दीडशे. दोन्हीकडचा माल एकत्र विकणारे पुष्कळ आहेत, पण पहिल्या वर्षी एकच धरावं असं माझं मत आहे. कोणतं, ते तुमचं गिऱ्हाईक कोण आणि तुमचे पैसे किती काळ अडकून राहू शकतात यावर ठरतं.

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर महेश्वरीला इंदुरात ओळख करून द्यावी लागत नाही. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली, तिथे विणकर वसवले, आणि किल्ल्याच्या दगडात कोरलेली चटई, वीट, हिरा अशी नक्षी साडीच्या काठावर उतरली. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात नजर फिरवली तरी सहा-सात महेश्वरी सहज दिसतात. रेशमाचा ताणा (उभे धागे), सुताचा बाणा (आडवे धागे), म्हणून वजनाला हलकी आणि मालव्याच्या उन्हात सोसवणारी. बाघचा लाल-काळा छापही इंदूरकरांना माहीत आहे, पण तो दुपट्टा, कुर्त्याचं कापड आणि पलंगपोस म्हणून. आहेराला द्यायची साडी म्हणून काकू-मावश्या अजून बाघकडे वळत नाहीत. पंचविशीतल्या मुली मात्र उलट वागतात, आणि इन्स्टाग्रामवर खरेदी त्याच करतात.

आता पैशाचं, कारण खरा फरक इथे आहे. मागावर एकदा ताणा चढला की त्यावर एकच साडी निघत नाही, बऱ्याच निघतात. म्हणजे ताण्याचा रंग ठरवलात की त्या सगळ्या साड्या त्या रंगाशी बांधल्या गेल्या. बाण्याचा रंग, काठ, पदराचे पट्टे बदलून जेवढं वेगळेपण आणता येईल तेवढंच. साधी साडीही काही दिवस मागावर असते, बुट्ट्यांची त्याहून जास्त. तुम्ही मोतिया रंगाचा ताणा सांगितलात आणि मोसमात सगळ्यांना जांभळाच हवा झाला, तर काही करता येत नाही. शिवाय रेशीम आणि जरतार यांचे भाव वरखाली होतात, आणि ते ओझं विणकरावर ढकलायचं नसेल तर आगाऊ रक्कम द्यावी लागते. थोडक्यात, महेश्वरात पैसा आधी जातो आणि सावकाश परततो.

बाघमध्ये हे गणित हलकं आहे. कापड मीटरने मिळतं, तयार ठप्प्यांच्या नक्षीत निवड करता येते, एका थानातून चार प्रकारच्या वस्तू शिवता येतात आणि उरलेल्या चिंध्यांची बटव्यापासून गोधडीपर्यंत सोय लागते. इंदुरात शिवणकाम करणाऱ्या बायकांची उणीव नाही, तेव्हा दुसऱ्या टप्प्याची मजुरी तुमच्याच वस्तीत राहते. पण वेळेचं बंधन इथेही आहेच. कापड आधी धुवून मिठाच्या, एरंडेलाच्या आणि बकरीच्या लेंड्यांच्या द्रावणात तुडवतात, पुन्हा धुतात, हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. मग छाप: लालसाठी तुरटी, काळ्यासाठी गंजलेलं लोखंड, दाटपणाला चिंचोक्याची खळ. छापलेलं कापड काही दिवस तसंच मुरू देतात, वाहत्या पाण्यात विसळतात, आणि शेवटी तांब्याच्या भांड्यात अलिझरिन (लाल रंगद्रव्य) आणि धावड्याच्या फुलांबरोबर उकळतात, तेव्हा कुठे लाल रंग उजळतो. यातल्या जवळपास प्रत्येक पायरीला ऊन लागतं. पावसाळ्यात काम मंदावतं, आणि राखीला माल हवा म्हणून आषाढात फोन केलात तर समोरचा हसेल.

पर्यावरणाच्या बाबतीत बाघ सरळ जिंकतं असं वाटेल. मी तेवढं म्हणणार नाही. हिरडा, तुरटी, चिंचोका, धावडा हे खरंच निसर्गातलं आहे, पण आजचं अलिझरिन बहुतेक कारखान्यातलं असतं. म्हणून मालाच्या चिठ्ठीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक रंग’ असं छापू नका. ‘वनस्पती आणि खनिजांवर आधारलेली जुनी पद्धत’ एवढं लिहिलंत तरी ते खरं आणि पुरेसं आहे. पाणी मात्र बाघला भरपूर लागतं, आणि ज्या शहराचं पिण्याचं पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून उपसून घाट चढवून आणावं लागतं त्या शहराच्या लोकांनी हा प्रश्न विचारायलाच हवा: धुण्याचं पाणी पुढे जातं कुठे? महेश्वरचा माग विजेवर चालत नाही ही मोठी जमेची बाजू. पण रेशीम दक्षिणेतून, जरतार सुरतेहून येते, आणि रंग बहुधा रासायनिक असतात. अपवाद आहेत. वुमनवीव्ह या संस्थेच्या ‘गुडी मुडी’ उपक्रमात चरख्यावर सूत काततात, निमाडच्या कापसाशी नातं जोडतात, आणि ते काम बायकाच करतात. मातीशी सर्वांत जवळचं कापड हवं असेल तर मी त्या खादीचं नाव घेईन, जरी ती जरीच्या काठाची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला पटणार नाही.

राहिला बायकांचा मुद्दा, ज्यासाठी तुम्ही हे सगळं मांडणार आहात. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून जास्त विणकर आणि पूरक कामगार मोजले गेले, त्यात सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. तरीही ‘महिलांनी विणलेलं’ आणि ‘महिलांच्या हाती असलेलं’ यात अंतर असतं. मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई बहुतेक घरांत असते. भाव ठरवणारी असेलच असं नाही. महेश्वरात हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न जुना आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी उभी केली ती बायकांना मागावर बसवायला, आणि पुढे सॅली होळकरांनीच वुमनवीव्ह सुरू केली. त्यामुळे इथे तुम्हाला अशा विणकर स्त्रिया भेटतात ज्या स्वतः नमुना दाखवतात, दर सांगतात आणि नाही म्हणतात. ‘नाही’ म्हणणारी कारागीर भेटली तर तिथेच काम द्या.

बाघचं चित्र वेगळं आहे. हा छाप आज जगात पोहोचला त्यात इस्माईल सुलेमानजी खत्री यांचा वाटा मोठा, आणि धंदा मुख्यतः खत्री कुटुंबांच्या कारखान्यांत चालतो. त्या घरांतल्या स्त्रियाही छापतात, त्यांची कलाही नावाजली गेली आहे, पण खरेदीचा व्यवहार बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाशी होतो. यात गैर काही नाही. फक्त तुमच्या पानावर ‘महिला उद्योग’ लिहायचं असेल तर ते तुमच्या शिवणकामाच्या गटाबद्दल लिहा, छपाईबद्दल नको.

कुणी तिसरा पर्याय म्हणून झाबुव्याच्या कापडी बाहुल्या सुचवेल. रमेश आणि शांती परमार यांना २०२३ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली, बाहुल्या सुंदर असतात. पण त्या भेटवस्तू म्हणून एकदाच घेतल्या जातात, त्यांच्यावर चौघींचा संसार चालायचा नाही. बाघच्या चिंध्यांबरोबर जोडीला ठेवा.

नकलांची भीती दोन्हीकडे आहे. इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटमध्ये यंत्रमागाची ‘महेश्वरी’ आणि स्क्रीनचा ‘बाघ’ राजरोस मिळतो, तोही निम्म्या किमतीत. महेश्वरीचा काठ उलटासुलटा करून तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो का ते पाहा, आणि कडेला ताणपट्टीच्या (विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या) टाचण्यांची बारीक भोकं शोधा. बाघला ठप्पा जिथे जुळतो तिथे कुठे ना कुठे केसभर सरकलेला दिसतो, आणि रंग मागच्या बाजूला उतरलेला असतो. दोन्ही कलांना भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा नकली माल त्या नावाने विकणं ही नुसती लबाडी राहत नाही.

माझा कौल विचाराल तर: चौघींत मिळून वर्षभर न परतणारी रक्कम बाजूला ठेवता येत असेल आणि तुमची गिऱ्हाइकं साडी नेसणारी असतील, तर महेश्वर, आणि तेही एका-दोघी विणकर स्त्रियांशी थेट. शिवणारे हात हाताशी असतील आणि पैसे दर दोन महिन्यांनी फिरायला हवे असतील, तर बाघ. नमुना करून घेतलात तर तो पसंत पडो न पडो, त्याची मजुरी द्या. आणि तिकडची नक्षी घेऊन स्वस्तात दुसरीकडे छापून घ्यायचा मोह कुणी घातला तर त्या व्यापाऱ्याचा नंबर काढून टाका.

बाघला पहिली फेरी दिवाळीनंतर करा, तेव्हा ऊन असतं आणि सगळ्या पायऱ्या चालू दिसतात. महेश्वरला कधीही गेलात तरी चालेल, माग पावसातही खटखटत असतो. फक्त ताण्याचा रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. सुताची लडी अंगणात उन्हात नेऊन पाहा, आणि रंग ठरला की तो रंगाच्या नावाने नव्हे, लडीचा तुकडा कागदाला चिकटवून लिहून घ्या. पोपटी म्हणजे नेमका कोणता यावर नंतर वाद होतात.