टर्बो गाडीत मेकॅनिकल बूस्ट गेज: पावसाळा ते थंडी वापरून झालेला अनुभव

बूस्ट गेज, म्हणजे टर्बो इंजिनात हवा किती जास्तीच्या दाबाने (बूस्ट) ढकलतो ते दाखवणारं काट्याचं मीटर, पावसाळ्याच्या आधी लावलं, आता थंडी पडलीये, म्हणजे घाट, पाऊस, हिंजवडीचं ट्रॅफिक सगळं झालं, म्हणून आता लिहितोय. गाडी १.८ टर्बो पेट्रोल, रीमॅप केलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली) आणि मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप). त्रास असा की खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला गाडी स्वतःच ताकद कमी करते), स्कॅनरवर पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट. पण हा कोड प्रेशर जास्त झालं एवढंच सांगतो, का झालं ते नाही, आणि लोक इथूनच थेट टर्बो बदलायच्या गोष्टी सुरू करतात.

मोबाईलवर ॲप असताना गेज कशाला असं मित्र विचारतात. ॲपला मॅप सेन्सरकडून (इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर) बाहेरच्या हवेच्या दाबासकट एकूण प्रेशर मिळतं. पुणं ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे इंजिन बंद असताना इथे ९५ केपीएच्या (किलोपास्कल, दाबाचं एकक) आसपास दिसतं, आणि काही ॲप सरसकट १०१ वजा करतात म्हणजे बूस्ट जवळपास १ पीएसआय (हेही दाबाचंच एकक) कमीच दिसतो. शिवाय साध्या ओबीडीवर (गाडीचं स्कॅनर जोडायचं पोर्ट) हा आकडा २५५ केपीएच्या पुढे जातच नाही आणि इतका हळू अपडेट होतो की क्षणभराचा स्पाइक निसटतो. काटा मात्र लगेच उडतो.

आणि काटा कसा उडतो यावरच निम्मं निदान होतं. एकदम वर जाऊन परत खाली स्थिरावला तर स्पाइक, म्हणजे सोलेनॉइड (बूस्ट कमीजास्त करणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह) किंवा ट्यूनिंग बघा. आरपीएमबरोबर हळूहळू चढतच राहिला तर क्रीप, मोकळ्या डाउनपाइपमुळे एक्झॉस्टचा फ्लो वाढतो आणि वेस्टगेटचं, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचं, भोक अपुरं पडतं. माझ्याकडे तिसराच प्रकार, गार इंजिनला सगळं बरोबर आणि गाडी तापली की काटा सुटायचा. मग सोलेनॉइड बाजूला ठेवून कॉम्प्रेसरची (टर्बोचा हवा दाबणारा भाग) नळी थेट ॲक्च्युएटरला (प्रेशर आलं की वेस्टगेट उघडणारा डबा, आत स्प्रिंग आणि डायफ्राम म्हणजे पडदा) जोडली, बूस्ट स्प्रिंगच्या प्रेशरला, ०.४ बारला, गप्प थांबला, गरम असतानाही. म्हणजे वेस्टगेट ठणठणीत. हँडपंपने ॲक्च्युएटरला प्रेशर दिलं, डायफ्रामही धरून होता. उरली सोलेनॉइड ते ॲक्च्युएटर नळी, टर्बोजवळ बारीक तडा, तापली की तो उघडायचा आणि वेस्टगेटला प्रेशरच पोचायचं नाही. इंटरकूलरची (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारा भाग) नळी लीक असेल तर बूस्ट कमी पडतो, ही लीक असेल तर वाढतो, हे डोक्यात पक्कं ठेवा. नाना पेठेतून सिलिकॉन नळी आणि क्लिपा आणल्या, खर्च अगदी किरकोळ.

थंडीत पहाटे हवा दाट असल्याने थोडा स्पाइक परत दिसायला लागला होता, ट्यूनरने सोलेनॉइडची ड्यूटी (तो किती वेळ चालू राहतो ते प्रमाण) कमी केली, आता बरं आहे.

तक्रारी म्हणाल तर रात्री गेजचा लाईट डोळ्यात येतो आणि आयडलला काटा थरथरतो, तिथे गेजच्या नळीत बारीक रिस्ट्रिक्टर (भोक लहान करणारा तुकडा) टाकावाच लागतो. गेजसाठीचा टी जॉइंट इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा वाटणारा भाग) नळीवर घ्या, वेस्टगेटच्या लाईनवर अजिबात नको, सिग्नल बिघडतो. आणि यात पीक होल्ड (सगळ्यात वर गेलेला आकडा धरून ठेवणं) नाही, म्हणून शेजारी कुणाला तरी बसवून मोबाईलवर काट्याचा व्हिडिओ काढून घ्या, स्वतः चालवताना बघत बसू नका, आणि अपघातांसाठी बदनाम असलेल्या नवले पुलाच्या उतारावर तर असलं टेस्टिंग चुकूनही करू नका.