१९६८ची पॉन्टिॲक जीटीओ : आठ महिने आणि २,६०० मैलांनंतर

इंजिनाला घाबरू नका, पत्र्याला घाबरा. जीटीओ ही जुनी, ताकदवान अमेरिकी गाडी घ्यायचं ज्यांच्या मनात वर्षानुवर्षं घोळतंय, त्यांना आठ महिन्यांच्या वापरानंतर पहिलं सांगायचं ते हेच. बहुतेक जण बॉनेट उघडायला लावतात, इंजिन सुरू झालं की त्या आवाजाने हरखून जातात आणि गाडीखाली आडवं होऊन बघायचं राहून जातं. इंजिनाचे भाग आजही नवे मिळतात आणि बिघाड झाला तर तो कुठे आहे हे कळतं. मागच्या काचेखाली शिरलेला गंज मात्र पैसे, वेळ आणि उमेद तिन्ही खातो.

गाडी अशी आहे : दोन दारांची हार्डटॉप, ४०० घनइंची व्ही-८, चार बॅरलचा कार्बोरेटर, ३५० अश्वशक्ती, टर्बो हायड्रामॅटिक ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.३६. झाकणाआड लपणारे हेडलाइट आणि बॉनेटवरचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) हे दोन्ही पर्याय घेतलेले. वापर मिशिगनमध्ये, एप्रिल ते नोव्हेंबर. आपल्याकडच्या पद्मिनीचं अख्खं इंजिन १,०८९ सीसीचं होतं. इथे एकेक सिलिंडरच साधारण ८२० सीसीचा आहे. ४४५ पाउंड-फूट टॉर्क ३,००० आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे गाडी पळवण्यासाठी इंजिन किंचाळवावं लागत नाही. पाय थोडा दाबला की मागून कुणीतरी उचलून पुढे ठेवल्यासारखी जाते.

आधी कागद. १९६६पासून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल झालं, म्हणून चासी नंबर २४२ने सुरू व्हायलाच हवा. २३७ असेल तर ती ल मान्स, म्हणजे पॉन्टिॲकचंच साधं मॉडेल आहे, बोनेटवर काहीही बिल्ला असो. पुढचे दोन आकडे ३७ म्हणजे हार्डटॉप, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल. नंतरचा ८ म्हणजे १९६८. मग कारखान्याचं अक्षर, उदाहरणार्थ पी म्हणजे पॉन्टिॲक शहर, झेड म्हणजे फ्रीमॉन्ट. ही पट्टी डॅशबोर्डवर, काचेतून बाहेरून वाचता येते. इंजिनाची दोन अक्षरं ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, प्रवाशाच्या बाजूला हेडच्या खाली ठोकलेली असतात : ३५० अश्वशक्तीला मॅन्युअल असेल तर डब्ल्यूटी, ऑटोमॅटिक असेल तर वायएस. तिथे ग्रीसचा थर असतो. चिंधी आणि तारेचा ब्रश बरोबर न्या. हेडचा नंबर मधल्या एक्झॉस्ट पोर्टवर ओतीव असतो, या इंजिनाला १६ हवा. हे तपासायचं कारण असं की पॉन्टिॲकच्या ३५०, ४०० आणि ४५५ या इंजिनांचे ब्लॉक बाहेरून सारखेच दिसतात; निळा रंग मारून ३५०चं इंजिन ‘चारशे’ म्हणून सहज खपतं. मूळ बिलाची प्रत पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळते आणि तिच्यात गाडी कोणकोणत्या पर्यायांसह कारखान्यातून निघाली ते लिहिलेलं असतं. ती हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आता गंज. मागच्या काचेभोवतीची चकचकीत पट्टी ज्या क्लिपांवर बसते, त्या क्लिपांपाशी पाणी साचतं. काचेच्या खालच्या खोबणीतला पत्रा आतून कुजतो आणि पाणी थेट डिकीत उतरतं. म्हणून डिकीतली चटई उचला, टॉर्च घ्या आणि वर, काचेच्या खालच्या भागाकडे बघा. तपकिरी ओघळ दिसले तर वरचा रंग कितीही नवा असो, आतलं काम शिल्लक आहे. छताला व्हिनाइल असेल तर संशय दुप्पट धरा. त्यानंतर मागच्या चाकांमागचे खालचे कोपरे, डिकीच्या तळाच्या दोन्ही बाजूंच्या उतरत्या पट्ट्या, पुढच्या सीटखालचा तळ आणि फ्रेमचा मागचा ॲक्सलवरचा वळलेला भाग. लोहचुंबकाखाली पातळ कार्ड धरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. फ्रेमवर मात्र चुंबकाचा उपयोग नाही, तिथे छोटी हातोडी लागते. शाबूत लोखंड टणटणतं, कुजलेलं थपथप वाजतं. मिठाच्या रस्त्यांवर हिवाळे काढलेल्या गाडीपेक्षा कोरड्या राज्यातली, उन्हाने सीट फाटलेली गाडी केव्हाही बरी. सीट महिन्याभरात शिवून होते.

वापरात सगळ्यात जास्त वेळ तापमानाने घेतला. हायवेवर काटा जागचा हलत नव्हता, पण ८५ अंश फॅरनहाइटच्या दुपारी चार सिग्नल लागले की चढत जायचा. अशा वेळी सगळे रेडिएटर बदला म्हणतात. पॉन्टिॲकमध्ये आधी वॉटर पंप उघडायचा. पंपाच्या मागे एक पातळ पत्र्याची विभाजक पट्टी असते. पंपाचा पंखा आणि ही पट्टी यांच्यातली फट वाढली की पाणी पुढे ढकललं जाण्याऐवजी तिथेच घुसळत राहतं, आणि हे आयडलला सर्वांत जास्त जाणवतं. बाजारातल्या नव्या पंपांचा पंखा बऱ्याचदा थोडा आखूड असतो, म्हणून ‘पंप नवा टाकला तरी तापते’ ही तक्रार इतकी ऐकू येते. पंख्याच्या पात्यांवर चिकणमातीचे छोटे गोळे लावा, पंप गॅसकेटसकट बसवून बोल्ट आवळा, परत काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. एक षोडशांश इंचापेक्षा जास्त असेल तर पट्टी हलक्या हाताने पंख्याकडे वाकवा, मात्र कुठेही घासता कामा नये. शेवटी पंप हाताने पूर्ण फिरवून खात्री करा. १९६८च्या इंजिनाला आठ बोल्टचा पंप लागतो, १९६९पासूनचा अकरा बोल्टचा बसत नाही. हे केलं, १८० अंशांचा थर्मोस्टॅट घातला, रेडिएटरच्या पंख्याभोवतीचं आवरण जागेवर आहे ते पाहिलं, आणि नंतर ऑगस्टच्या ट्रॅफिकमध्येही काटा मध्यावरच राहिला. मूळ रेडिएटर अजून तोच आहे.

पंप निघालाच आहे तर टायमिंग कव्हर नीट बघा. ते ॲल्युमिनियमचं असतं आणि जुन्या कूलंटने आतून खड्डे पडतात. त्याच कव्हरमागे दुसरा धोका आहे : कॅमच्या मूळ गिअरला नायलॉनचे दात असतात. वयाने ते ठिसूळ होऊन तुटतात, तुकडे खालच्या ऑइल संपमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. उघडल्याशिवाय अंदाज घ्यायचा असेल तर डिस्ट्रिब्यूटरची (सिलिंडरना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) टोपी काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन एका दिशेने फिरवा, मग उलटं फिरवायला लागा आणि आतला फिरता रोटर कधी हलतो ते पाहा. क्रँक सात-आठ अंश फिरूनही रोटर ढिम्म असेल तर साखळी सैल आहे. स्टीलच्या गिअरचा संच फार महाग नाही. गाडीच्या इतिहासात हे काम झाल्याची पावती नसेल तर झालेलं नाही असंच धरा.

पॉइंटचं, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी ठिणगी पाडणारं जुन्या पद्धतीचं इग्निशन अनेक जण पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. त्याची गरज नाही. या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला एक सरकती खिडकी आहे. इंजिन चालू असताना तिच्यातून एक अष्टमांश इंची ॲलन की घालायची, घड्याळाच्या दिशेने इंजिन अडखळेपर्यंत फिरवायची आणि अर्धा फेरा मागे घ्यायची. डवेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते मोजणारा) असेल तर ३० अंश. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, त्यानंतरच, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करून, ९ अंश बीटीडीसी, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी. आधी टायमिंग आणि मग पॉइंट असं उलट केलं तर टायमिंग पुन्हा सरकतं. पॉइंटच्या कॅमवर ग्रीसचा तांदळाएवढा थेंब लागतो. तो नसला की पॉइंटचा ठोकळा झिजतो, फट कमी होते आणि ‘परवाच तर ट्यून केली होती’ असं म्हणायची वेळ येते.

कॉम्प्रेशन १०.७५ : १ आहे, त्यामुळे पेट्रोल ९३ ऑक्टेनचंच. जिथे पंपावर ९१च मिळतं तिथे चढावर अर्ध्या थ्रॉटलला इंजिन खडखडतं. तेव्हा टायमिंग दोन अंश मागे घ्या, खडखडाटाकडे दुर्लक्ष करू नका. त्याच साली दोन बॅरलचं, २६५ अश्वशक्तीचं कमी कॉम्प्रेशनचं इंजिनही मिळत होतं. त्याला कमअस्सल समजतात, पण रोज साध्या पेट्रोलवर फिरायचं असेल तर ते शहाणपणाचं आहे. इंजिन ऑइलमध्ये झिंक १,००० ते १,२०० पीपीएम हवं, कारण टॅपेट सपाट तळाचे आहेत, त्यांची झीज झिंक थांबवतं आणि आजच्या साध्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं. ऑइल फिल्टरसकट सहा क्वार्ट लागतं.

गरम इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी सुरू करताना त्रास होतो तो इथेनॉलमिश्रित पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उकळल्यामुळे. कार्बोरेटरखाली उष्णतारोधक जाड गॅसकेट टाकल्यावर फरक पडतो, पूर्ण जात नाही. अशा वेळी पॅडल पंप करू नका. अर्धं दाबून धरा आणि स्टार्टर मारा. चार दिवस उभी राहिल्यावर सकाळी फार वेळ स्टार्टर मारावा लागत असेल तर ते दुखणं वेगळं आहे : क्वाड्राजेटच्या, म्हणजे याच कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या बुचांमधून पेट्रोल झिरपून त्यातला पेट्रोलचा वाडगा रिकामा होतो. कार्बोरेटर खोलून ती बुचं पेट्रोलला टिकणाऱ्या इपॉक्सीने बंद करायची. सोबत सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. जुन्या नळ्या आतून सुटून फिल्टर काळा करतात.

गाडीखाली ऑइलचा थेंब पडणारच, पण तो कुठला हे ओळखा. मागच्या मेन बेअरिंगला कारखान्यातून दोरीचं सील होतं आणि प्रत्येक मेकॅनिक त्याच्यावरच बोट ठेवतो. कित्येकदा ऑइल येतं ते इनटेक मॅनिफोल्डखालच्या व्हॅली पॅनच्या (सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या झाकणाच्या) मागच्या कडेने, बेल हाउसिंगवरून ओघळतं आणि खाली नेमकं त्याच जागी टपकतं. सगळं पुसून, पावडर मारून वीस मैल चालवा आणि ओघळ वरून येतोय का ते बघा. व्हॅली पॅनचं गॅसकेट वरूनच, इनटेक काढून बदलता येतं, मेन सीलसाठी इंजिनाचा खालचा भाग उघडावा लागतो.

गिअरबॉक्स दणकट. एकच खूण लक्षात ठेवा : एक्झॉस्टमधून पांढरा धूर आणि गिअर बदलताना झटका, दोन्ही एकत्र आले तर गिअरबॉक्सच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितंय. नळी उपसून तिच्यात लाल तेल आहे का ते पाहा. सुटा भाग स्वस्त आहे, दोन बोल्टचं काम नाही, एकाच बोल्टचं आहे. ओव्हरड्राइव्ह नसल्याने ६५ मैल वेगाला इंजिन साधारण २,८०० आरपीएमवर फिरतं. तासभर ठीक, चार तासांनी कान थकतात. गॅलनला ११ ते १३ मैल पडतात, टाकी २१.५ गॅलनची.

ब्रेक ही एकच गोष्ट आजच्या रस्त्यावर मनाला पटत नाही. चारही चाकांना ड्रम. ६० मैल वेगातून पहिल्यांदा गाडी बरी थांबते, लगेच दुसऱ्यांदा दाबले तर एका बाजूला ओढते. रिव्हर्समध्ये ब्रेक दाबून आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा आधी चालती करून बघितली, थोडा फरक पडला. शेवटी पुढे ११ इंची डिस्क बसवल्या. चॅसिस शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीच्या कुटुंबातलंच असल्याने किट सहज मिळतं. मूळ ड्रम आणि स्पिंडल तेल लावून, गुंडाळून ठेवलेत. गाडीसोबत ते पुढच्या मालकाकडे गेले पाहिजेत.

स्टिअरिंग हलकं आणि सरळ रेषेत भरकटणारं वाटत असेल तर दोष बहुधा अलाइनमेंटच्या आकड्यांत आहे. कारखान्याचा कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा पुढे-मागे कल) ऋण आहे, तो त्या काळच्या, तिरप्या धाग्यांच्या बायस टायरसाठी. २१५/७०आर१४ रेडिअल टायरवर तो धन २ ते ३ अंश करायला सांगा. वरच्या आर्ममागचे शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, बदलून ते होतं. अलाइनमेंटवाल्याच्या संगणकात जुनाच आकडा असतो, म्हणून कागदावर लिहून द्या.

पुढचा एन्ड्युरा बंपर, म्हणजे गाडीच्याच रंगाचा लवचीक बंपर, हा या गाडीचा खरा चेहरा. अंगठ्याने दाबला तर किंचित दबल्यासारखा लागतो, आणि त्याच लवचीकपणामुळे त्याच्यावर साधा रंग टिकत नाही. रंगात लवचीकता आणणारं मिश्रण घातलं नाही तर पहिल्या थंडीत केसासारख्या चिरा जातात. हेडलाइटची झाकणं व्हॅक्यूमवर चालतात. एक डोळा आधी आणि दुसरा रेंगाळत उघडत असेल तर हातपंप लावून झाकण हलवणाऱ्या प्रत्येक ॲक्चुएटरला १५ इंच व्हॅक्यूम द्या. पंपाचा काटा खाली यायला लागला तो फुटका. बॉनेटवरचा टॅकोमीटर पावसानंतर आतून धुरकटतो, त्याच्या तळाचं गॅसकेट बदलल्यावर कमी झालं. संध्याकाळी दिवे लावल्यावर काचेपलीकडे, उघड्या हवेत थरथरणारा तो काटा आणि त्याच्यामागे लांबच लांब बॉनेट, हे दृश्य फार थोड्या गाड्यांत बसून दिसतं. त्यासाठी गॅसकेट दर दोन वर्षांनी बदलावं लागलं तरी चालेल.

विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. नेहमीच्या पॉलिसीत घसारा धरतात आणि साठ वर्षं होत आलेल्या गाडीची किंमत शून्याजवळ जाते. नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत गाडी आत घेतली : टाकी काठोकाठ, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, ते कार्बोरेटरपर्यंत पोचावं म्हणून दहा मैल फेरी, मग ताजं ऑइल, बॅटरी चार्जरवर, एक्झॉस्टच्या दोन्ही तोंडांत उंदीर शिरू नयेत म्हणून तारेचा काथ्या. काथ्या भरल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवलीय.